मागच्या अंगणातल्या दरजा

त्यांना सगळे सबूर मिस्त्री म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव कागदोपत्रीच राहिलं. लोकांच्या अंगणात नि मागच्या दारी दगडी फरश्या बसवणं हा त्यांचा धंदा. शेवटची फरशी बसली की गिऱ्हाइकाला घाई सुटायची. कुणाला खुर्च्या मांडायच्या असत, कुणाला पाहुणे बोलवायचे असत. मिस्त्री हात आडवा करत. "सबूर. अजून दरजा बसायच्यात."

दरज म्हणजे दोन फरश्यांमधली फट. ती भरणं लोकांना किरकोळ वाटे, मिस्त्रींच्या मते मात्र खरं काम तिथंच सुरू व्हायचं. चाळलेली कोरडी वाळू फरश्यांवर पसरायची, खराट्यानं तिरकी लोटत फटींत उतरवायची, रबरी हातोड्यानं फरशीला हलक्या टपल्या द्यायच्या आणि वरून झारीनं बारीक पाणी सोडायचं. पाणी मुरलं की वाळू खाली बसते आणि भरलेली फट पुन्हा आ वासते. मग पुन्हा वाळू, पुन्हा पाणी. त्यानंतर घरच्यांनी काही दिवस त्यावरून येजा करायची, आणि मिस्त्री परत येऊन राहिलेलं भरणार. सिमेंट ओतून मोकळं होणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग. "खालची जमीन हलते, दगड उन्हानं फुगतो. त्याला अंग हलवायला जागा नको? सिमेंट म्हणजे तोंड दाबून गप्प बसवणं."

दरजेतलं गवत तर त्यांचा हाडवैरीच. खिशात कायम लोखंडी आकडा असे. एकदा व्याह्यांकडे गेले असताना चहा येईपर्यंत त्यांनी अर्धं अंगण खरवडून काढलं होतं. लेकीला त्या दिवशी कुठं तोंड लपवू असं झालं.

असा हा माणूस, आणि याच्या स्वतःच्या मागच्या अंगणातल्या दरजा उघड्या! लेक लहान असताना एका कामावर उरलेल्या फरश्या आणून त्यांनी एका सुट्टीत अंथरल्या. दरजा तेवढ्या राहिल्या. बायकोनं सांगून पाहिलं. चप्पल अडकते म्हणाली, फटींत चिखल साठतो म्हणाली, एकदा ठेचकाळून अंगठ्याचं नख गेलं तेही दाखवलं. "भरतो गं. हे हातातलं काम संपू दे." हातातलं काम संपायचं नाही, कारण संपायच्या आत ते दुसरं घ्यायचे. लोकांच्या दरजा भरायला दोनदोनदा, तीनतीनदा जायला या गृहस्थांना वेळ होता. त्यांचा राग येतो तो इथं.

पुढं बायकोनं म्हणणं सोडलं. तिला आता चालतंय, असा मिस्त्रींनी सोयीस्कर अर्थ काढला आणि ते निर्धास्त झाले. पुढच्या दारानं सकाळी जायचे, अंधार पडल्यावर यायचे. मागचं दार बायकोचं होतं.

मग मिस्त्रींच्या कमरेनं दगा दिला आणि ते घरी बसले. ते घरी बसतात न बसतात तोच बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. ऑपरेशननंतर लेक तिला आपल्याकडे घेऊन गेली. "बाबा, तुम्हाला चहाचा कप विसळता येत नाही, तुम्ही तिचं काय करणार?" लेकीचं बोलणं आईपेक्षा धारदार, पण खोटं काही नव्हतं. घर रिकामं झालं. मिस्त्री या खोलीतून त्या खोलीत फिरले, डबे उघडून बघितले, शेवटी मागचं दार उघडून उंबऱ्यावर बसले. समोर अंगण, दरजा उघड्या, आणि त्यांच्यात सगळीकडे हिरवं रान माजलेलं.

त्यांना बायको आठवली. ही आता वॉकर घेऊन येणार. वॉकरचा पाय या फटीत गेला तर? इतकी वर्षं मागत होती, ते निदान आता तरी हिच्या पायाखाली घालू, असं त्यांना मनापासून वाटलं. इतकं मनापासून त्यांना क्वचितच काही वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी ते कामाला लागले. कमर बांधून, पाटावर बसून सरकत सरकत एकेक दरज खरवडली. मुळं चिवट होती, ओढली की चटईसारखी सबंध निघत. कसला तरी ओला, गोडसर वास हाताला लागत होता. भिंतीकडच्या दरजेत बारीक निळी फुलं होती, तीही गेली. गवताला फूल आलं म्हणून काय झालं! सगळं पोत्यात भरलं, पोतं सकाळच्या कचऱ्याच्या गाडीत दिलं. दरजा इतक्या स्वच्छ निघाल्या की त्यांचं त्यांनाच बरं वाटलं.

वाळू चाळून ठेवली तेवढ्यात लेकीचा फोन आला. आई ऐकत नाही, घरी जायचंच म्हणते, परवा घेऊन येतेय. मिस्त्री वाळूच्या ढिगाशी उभे राहिले. वाळू बसायला वेळ हवा, आणि ओल्या भुसभुशीत वाळूत वॉकरचा पाय रुतणार. जन्मभर दुसऱ्यांना थांबवलं, पण या वेळी त्यांच्याच्यानं थांबवेना. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून सिमेंट आणलं, वाळूत कालवलं आणि ते दरजांत लोटून थापीनं दाबलं. वरून पाणी मारलं, फडक्यानं फरश्या पुसल्या. करताना लाज वाटत होती, पण ती येणार या आनंदापुढे लाजेचं काही चाललं नाही.

ती आली ती वॉकर टेकत थेट मागच्या दाराकडे निघाली. मिस्त्री पुढं धावले. "थांब, थांब, मी उघडतो," म्हणत त्यांनी दार सताड उघडलं आणि नव्या नवऱ्यासारखे बाजूला उभे राहिले. समोर सगळं सपाट, करड्या रेघांनी आखलेलं.

तिनं वॉकर उंबऱ्यापाशीच थांबवला.

"घेतलंस एकदाचं करवून!" मिस्त्री म्हणाले. "आता कुठंही पाय टाक."

"सगळं काढलंत?" तिनं विचारलं.

"मुळासकट! काय रान माजलं होतं गं. पोतंभर निघालं."

मागं उभी असलेली लेक एकदम बोलली, "बाबा, ते रान नव्हतं. आईनं लावलं होतं ते सगळं. भिंतीकडची निळ्या फुलांची वेल आईच्या माहेरची, आजीच्या दारची होती. माझ्या बाळंतपणाला आई आली होती तेव्हा माझ्या इथून पुदिना नेला होता तिनं. शेजारच्या काकू गेल्या, त्यांच्या कुंडीतलं ते तीन-तीन पानांचं तिपानी. माझ्या मुलांना पाठ आहे सगळं. खेळायला यायची तेव्हा 'पणजीवर पाय देऊ नकोस' म्हणायची एकमेकांना. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"असू दे गं," आई म्हणाली.

"काय असू दे? या घरात राहतात ना ते?"

मिस्त्री भिंतीकडच्या दरजेकडे बघू लागले. मग त्यांना आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं, असं झालं. बायकोनं सांगितलं होतं. एकदा सकाळी मागून हाक मारली होती, "अहो, जरा इकडे या, आईकडची वेल फुललीय." ते फोनवर कुठल्याशा गिऱ्हाइकाला वाळू कशी चाळायची ते समजावत होते. त्यांनी हातानंच तिला थांब म्हणून खुणावलं, आणि फोन संपल्यावर पुढच्या दारानं निघून गेले. तिनं पुन्हा कधी बोलावलं नाही.

ते तरातरा जाऊन छिन्नी-हातोडी घेऊन आले. भिंतीकडच्या दरजेशी गुडघे टेकून पहिला घाव घातला. सिमेंट घट्ट धरलं होतं, त्यांच्या हातचंच ते. दुसऱ्या घावाला फरशीची कड टवका होऊन उडाली.

"नका हो," बायको म्हणाली. "दगड फुटेल नुसता. आणि त्यात आता आहे काय?"

त्यात काहीच नव्हतं. तिच्या आईचं घर कधीच विकलं गेलं होतं, काकूंच्या कुंड्या त्यांच्या सुनेनं वाटून टाकल्या होत्या. पुदिना काय, कुठंही मिळेल. पण तो तसा मिळणारा पुदिना असेल, एवढं आता मिस्त्रींनाही कळत होतं. त्यांनी हातोडी खाली ठेवली. रडू आलं ते त्यांनी लपवलं नाही, लपवायला हात स्वच्छ नव्हते, सिमेंटच्या भुकटीनं भरले होते.

लेक डोळे पुसत चहा टाकायला आत गेली. बायको दारातल्या खुर्चीत बसली. मिस्त्री तिथंच फरशीवर, तिच्या पायांशी बसून राहिले.

"कुठं काय होतं ते सांग ना," ते म्हणाले.

"आता सांगून काय?"

"तरी सांग."

ती सांगू लागली. बोट करून, एकेका करड्या रेघेवर. ही वेल उन्हाळ्यात मान टाकायची, मग तिच्यावर ओला टॉवेल पसरावा लागे. इथं एक जांभळं काहीतरी आपोआप उगवलं होतं, त्याचं नाव कुणालाच सांगता येईना, म्हणून नातीनं त्याला 'पाहुणे' म्हणायला सुरुवात केली. या कोपऱ्यात सांडलेलं पाणी मुरायचं, म्हणून इथं शेवाळ. सांगताना ती मध्येच हसली. मिस्त्री बोटामागं बघत होते. कितीही बघितलं तरी सिमेंटच दिसत होतं.

बोलता बोलता ती थकली. "पुरे आता. दमले मी. उरलेलं उद्या सांगते."

"सांग," मिस्त्री घाईनं म्हणाले. "केव्हाही सांग. मी घरीच आहे."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर त्यांना सोसला असता.

"हो," ती म्हणाली. "आता आहात."