ताज्या मशीनचा वेग

सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी घड्याळबाई पार्सल केंद्रातल्या सरकत्या पट्ट्याशेजारी, लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवरच बसली होती. मोजल्याशिवाय ती कशालाच खरं मानत नसे, म्हणून सहकाऱ्यांनी तिला ठेवलेलं हे नाव. पट्ट्यावरचा कॅमेरा टिपतो तो पत्ता वाचणारा प्रोग्राम तिचा होता. दुपारी चाचणी होती. ती पार पडली तर नोकरी कायम होणार होती, आणि बहिणीकडे ठेवलेली मुलगी घरी येणार होती.

कार्यालयात हरणासारखा पळणारा प्रोग्राम इथं रखडत होता. मशीन त्याच बनावटीचं, कोडही तोच. पत्ता न वाचलेली पार्सलं टोकाशी साचत होती. मुकादम म्हणाला, “बाई, तुमची गाय गोठ्यात दूध देते आणि बाजारात लाथा झाडते.”

तासाभरानं चूक सापडली. ती तिचीच होती. मोजमाप स्वच्छ हवं म्हणून कार्यालयात ती दर वेळी मशीन रिस्टार्ट करून मगच वेळ मोजायची. प्रोसेसरला चिकटून कॅश नावाची छोटी, चपळ साठवण असते. मेमरीतल्या प्रत्येक पानाला, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्याला, कॅशमधले ठरावीकच कप्पे मिळतात. प्रोग्रामला कुठलं पान द्यायचं हे ऑपरेटिंग सिस्टमच्या हाती. ताज्या मशीनवर सलग जागा मिळे, पानं सगळ्या कप्प्यांत पसरत. इथलं मशीन कित्येक महिने बंदच झालं नव्हतं. दर शिफ्टला प्रोग्राम नव्यानं सुरू होई आणि उरलीसुरली, विखुरलेली पानं पदरात पडत. कामाची पानं मोजक्याच कप्प्यांवर तुटून पडत, एकमेकांना हुसकावत. शेजारचे कप्पे ओस.

मशीन सुरू होतानाच सलग जागा राखून ठेवायची, एवढाच उपाय होता. तिनं केंद्राच्या साहेबांना सगळं खरं सांगितलं, तारीख पुढे ढकलायची विनवणी केली. सिस्टमला हात लावायला वरून परवानगी लागते, ते म्हणाले, आणि ती कधी येईल ते वरच्यांनाही ठाऊक नसतं. तूर्त रिस्टार्ट करा.

रिस्टार्ट केल्यावर दुपारच्या चाचणीत पट्टा सुरळीत चालला. साहेबांनी चाचणी अटीवर मान्य केली: परवानगी येईपर्यंत रोज पहिल्या शिफ्टआधी तिनं स्वतः मशीन रिस्टार्ट करायचं. कायम नोकरीचं त्यानंतर बघू.

तिनं बहिणीला फोन लावला. पोर आई कधी नेणार म्हणून विचारत असेल, तिला काय सांगशील, असं तिनं विचारलं.

बहीण म्हणाली, “ताई, आता ती विचारत नाही.”

पहिली शिफ्ट सातला सुरू होते. उद्या साडेसहाला मशीन रिस्टार्ट होईल.