माहेरच्या बेटाचं तिकीट

आमच्या बेटावर बघण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. एक टेकाड, चार कडुनिंब आणि पावसाळ्यात गुडघाभर गवत. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्यात गेलं आणि गावाचं मसणवटं तेवढं वर राहिलं, कारण आमच्या पूर्वजांनी पिकाऊ जमीन मेलेल्यांसाठी कधी सोडली नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात आणि वर एक दगड ठेवतात. दगडावर नाव नाही, गाव नाही. कुठला दगड कुणाचा हे ज्याच्या त्याच्या घरच्यांना माहीत असतं, असं आम्ही धरून चालतो.

मग कुणीतरी ड्रोन उडवून त्याचा व्हिडिओ केला आणि खाली लिहिलं, मराठवाड्याचं मालदीव. झालं. आमचा जिल्हा रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेला. चारी बाजूंनी पाणी दिसलं की आमच्या माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. लातूरच्या, नांदेडच्या, पार हैदराबादच्या नंबराच्या गाड्या काठावर लागू लागल्या. भोई लोकांनी जाळी बाजूला ठेवली आणि होड्यांत माणसं भरली. माणसं समाधीच्या दगडांवर बसून भेळ खायची, बाटल्या तिथंच फोडायची. एका जोडप्याचं लग्नाआधीचं शूटिंग माझ्या चुलत आजोबांवर उभं राहून झालेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. मी केवढा भडकलो होतो! ते खरंच चुलत आजोबा होते की दुसरंच कुणी, हे मात्र मला तेव्हाही माहीत नव्हतं.

गावात समिती झाली आणि मी सेक्रेटरी झालो. मी राहतो लातुरात. क्लासच्या पोरांच्या नोट्सच्या झेरॉक्स काढून वीस वर्षं पोट भरतोय. पण रेशनकार्डावर नाव गावातच ठेवलंय, त्यामुळे मी गावकरी. तिकिटं मीच छापली. माणशी पन्नास रुपये, गावकऱ्यांना माफ. गावकरी कोण, तर ज्याचं नाव गावच्या रेशनकार्डावर आहे तो. बैठकीत एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आन् लेकीबाळींचं काय?" कुणीतरी म्हणालं, "लेकी त्यांच्या गावच्या." सगळे हसले, मीही हसलो आणि ठरावात तसं लिहून घेतलं. त्या बैठकीत एकही बाई नव्हती. खरी गोष्ट अशी की त्या टेकाडावर बेल-पाणी घेऊन जाणाऱ्या तेवढ्या लेकीच उरल्या होत्या. आम्हा बाप्यांपैकी तिकडे फिरकत कुणीच नव्हतं.

तिकीट लावल्यानं गर्दी कमी होईल अशी माझी अक्कल. उलट लोकांना वाटलं, पन्नास रुपये घेतात म्हणजे काहीतरी असणारच. गर्दी दुप्पट झाली. मग दिवसाला तीनशेच माणसं सोडायची असा दुसरा नियम काढला आणि खिडकीवर रविवारी आणि सणावाराला मी स्वतः बसायला लागलो. खिडकीत बसलं की माणूस बदलतो. मी सरपंचाच्या मेव्हण्याला तिकिटासाठी परत पाठवलं आणि ती गोष्ट आठवडाभर चाकूरच्या स्टँडपर्यंत चवीनं सांगितली.

त्याच आठवड्यात पंचमी आली. पंचमी म्हणजे आमच्याकडे लेकींनी माहेरी यायचा सण. माझी थोरली बहीण, आक्का, लोह्याकडं दिलेली. दर पंचमीला ती लोह्याहून एसटीनं चाकूर, तिथून टमटमनं काठावर आणि भोयाच्या होडीनं टेकाडावर जायची. पिशवीत बेल, विभूती आणि पितळी तांब्या. आमचे आप्पा गेले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि ती चौदाची. समाधीवर ठेवायला धड दगड मिळेना, तेव्हा तिनं आमच्या अंगणातला धुणं धुवायचा काळा दगड बैलगाडीत चढवायला लावला. त्याचा एक कोपरा टिचलेला होता. आई त्यावर आप्पांचं धोतर आपटायची, असं ती मला सांगायची. मी ऐकायचो आणि विसरायचो. तिच्यासोबत टेकाडावर मी कधी गेलो नाही, मला दुकान होतं.

त्या दिवशी ती रांगेला वळसा घालून सरळ खिडकीशी आली. ऊन लई होतं, पदर कपाळावर ओढलेला.

"तूच हायस व्हय? बरं झालं बाई. व्हडी लाव म्हन."

"आक्का, तिकीट काढावं लागतंय."

"कशाचं तिकीट?"

"बेटाचं. पन्नास रुपये."

ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करून राहिलो. "आप्पाला भेटायचं तिकीट?"

"गावच्या लोकांला माफ हाय. तुझं नाव लोह्याच्या कार्डावर हाय."

"म्या लोह्याची?"

"कार्डावर तसंच हाय, आक्का. नियम म्हंजी नियम. मागं रांग बघ केवढी हाय."

माझ्या खिशात पैसे होते. मी तिचं तिकीट फाडून पैसे टाकले असते तर कुणालाही कळलं नसतं. पण रांगेत गावचे दोघेजण उभे होते आणि सरपंचाच्या मेव्हण्याची गोष्ट मी त्यांनाही सांगितलेली होती. बहिणीला सोडलं, असं उद्या गावात झालं असतं. म्हणून मी आवाज जरा चढवूनच बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असा. हे मी आज कबूल करतो, तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.

मागची एक हैदराबादची बाई म्हणाली, "जाने दो ना भाई, मैं देती अम्मा का." आक्काचा हात तोवर पिशवीतल्या बटव्यापर्यंत गेला होता. तो तिनं बाहेर काढला, रिकामाच. "नको गं माय," ती त्या बाईला म्हणाली. माझ्याकडे तिनं बघितलंच नाही. तांब्या सावरत ती टमटमकडे गेली आणि मी पुढच्याला हाक मारली.

त्याच दिवशी दुपारी ठेकेदार आला. बेटावर संडास-बाथरूम बांधायचं होतं आणि समाध्यांना कुंपण घालायचं होतं. तो म्हणाला, "तुमचे तुमचे दगड दाखवा. कुंपणात घेतो. बाकीचे उचलून बांधकामाच्या पायात घालतो." आम्ही समितीची माणसं टेकाडावर गेलो आणि एकेकानं बोट दाखवलं. मी दुसऱ्या कडुनिंबाखालचा एक दगड दाखवला. अजिबात न चाचरता दाखवला. इतरांनीही तसंच केलं असणार. आक्का तेव्हा फार तर अहमदपूरपर्यंत पोचली असेल. फोन करून विचारावं, असं माझ्या मनात आलं नाही.

पुढं मी त्या दगडापुढे ग्रॅनाइटची पाटी बसवली, हार घातला, फोटो काढून आक्काला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. रुसली असेल म्हणून मी सोडून दिलं.

यंदा पंचमीला ती पुन्हा आली. रांगेत उभी राहिली, आपली पाळी आल्यावर पन्नासाची नोट खिडकीत सरकवली.

"आक्का, राहू दे की. तुझं तिकीट मी..."

"फाड. म्या परगावची."

मी तिकीट फाडलं. खिडकी दुसऱ्याच्या हवाली केली आणि तिच्या मागं होडीत बसलो. नारिंगी जाकीट घालून, तांब्या मांडीवर धरून ती पाण्याकडे बघत होती. बेटावर उतरल्यावर मी तिला कुंपणापाशी नेलं. पाटी पुसून स्वच्छ केलेली होती, हार ताजा होता. माझ्या मनात होतं, हे बघून तरी ती विरघळेल.

तिनं वाकून दगड बघितला. "ह्यो कोन?"

"आप्पा."

"आप्पा न्हाई ह्यो. ही तेल्याची म्हातारी हाय. वरीसभर तेलिणीला हार घालून राहिलास व्हय?"

ती इकडेतिकडे शोधू लागली. चौथ्या कडुनिंबाकडे गेली. तिथं आता संडास होता, पिवळ्या रंगाचा, आणि बायकांची-पुरुषांची रांग लागलेली. ती रांगेच्या कडेनं दारापर्यंत गेली आणि थांबली. दाराशी पायरी म्हणून एक काळा दगड बसवला होता. त्याचा एक कोपरा टिचलेला. दर रविवारी बेटावर फेरी मारताना मी तो कोपरा बघत होतो. कुणाचा पाय अडकायला नको म्हणून त्यावर सिमेंट मारायला मीच ठेकेदाराला सांगितलं होतं आणि त्यानं मारलं नव्हतं.

आक्का खाली बसली. तांब्यातलं पाणी त्या पायरीवर ओतून पदरानं पुसायला लागली. चिखल, बुटांचे ठसे, सगळं. रांगेतला एकजण वैतागून म्हणाला, "मावशी, जरा सरका की, लेकराला जायचंय." ती सरकली. लेकरू पायरीवर पाय देऊन आत गेलं, बाहेर आलं. तिनं पुन्हा पुसलं. मग बेलाचं पान ठेवलं, विभूतीची तीन बोटं ओढली. मी तिच्या शेजारी उभा होतो आणि मला खाली बसता येत नव्हतं.

"आक्का, मी हा दगड काढायला लावतो. आजच. कुंपणात नेऊन..."

"दगड नेशील. आप्पाला कसा नेशील? त्ये हितंच खाली बसल्यात."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. तिकिटाचा कागद तिच्या मुठीत ओला झाला होता, तो तिनं माझ्या शर्टाच्या खिशात घातला.

"गेल्या साली मला सोडलं असतंस तर म्या दावलं असतं," ती म्हणाली. "आता म्या येत न्हाई. तू हायस की. तसाबी दर आयतवारी येतोसच त्याच्यापाशी, पाय देऊन."

ती होडीकडे निघाली. मागं रांगेतला माणूस मला विचारत होता, "काका, तुम्ही आत जाताय का?"