वाळवंटातली हजेरी

नेव्हाडाच्या त्या वाळवंटातली धूळ आणि तिथले किस्से यांचं एकच आहे. परत येऊन कितीही महिने उलटले तरी कुठून कुठून निघतच राहतात. धूळ निघते बुटातून, ट्रकच्या सीटखालून. किस्से निघतात आमच्या गावी, रेडमंडला, कुणाच्या घरी चार जण जेवायला बसले की! "नितीन, तो बुटांचा किस्सा सांग ना यार," कुणीतरी म्हणतंच. मी तसा न बोलणारा माणूस. माझ्याकडून ऐकायचं म्हणजे जेवण थंड होतं. म्हटलं, एकदा लिहूनच काढू.

तिथे दर वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी आठवडाभर कलेचा उत्सव भरतो. आटलेल्या तळ्याच्या सपाट तळावर हजारो लोक तंबू ठोकतात, घराएवढी लाकडी शिल्पं उभी करतात. विकणं-बिकणं नाही. प्रत्येक कॅम्पने येणाऱ्याजाणाऱ्याला काहीतरी फुकट द्यायचं. आमच्या कॅम्पचे प्रमुख मिलिंददादा, सॉफ्टवेअरवाले. मी टायरच्या दुकानात कामाला. त्यांचं टायर बदलताना त्यांनी विचारलं, "मोठा ट्रक चालवशील?" मी मान हलवली आणि आठ जणांच्या कॅम्पात शिरलो.

कॅम्पची कल्पना मात्र त्यांच्या आईची, शैलामावशींची. चिपळूणच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झालेल्या मावशी सहा महिन्यांसाठी मुलाकडे आल्या होत्या. तिथल्या खारट धुळीने पाय फुटतात हे ऐकून म्हणाल्या, "मग दारात आलेल्याला पाय धुवायला पाणी द्यायचं. आमसुलाचं. वर टाचेला कोकमतेल. यात मीटिंग कसली घेता?"

झाला आमचा कॅम्प!

*

धुळीचं वादळ आलं की तिथे स्वतःचा हात दिसत नाही आणि माणसं हरवतात, हे कळल्यावर मावशींनी एक हजेरीपुस्तक विकत घेतलं. रोज सकाळी, चहाआधी, हजेरी!

पहिल्या दिवशी रियाचं नाव आलं. रिया इथेच जन्मलेली. ती म्हणाली, "प्रेझेंट!"

"हजर म्हणायचं," मावशी म्हणाल्या.

"बट व्हाय?"

"कारण चहा माझ्याकडे आहे."

"हजर!" रिया ओरडली.

मग माझं नाव आलं. मी "हजर" म्हटलं. मावशींनी पुन्हा नाव घेतलं. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दिसतोस, पण ऐकू येत नाहीस." आणि खाडा मांडला!

मला हे नवीन नव्हतं. नववीतही माझा आवाज सरांपर्यंत पोचायचा नाही आणि समोर बसलेलो असूनही खाडा पडायचा. खाडाच पडणार आहे तर जायचं कशाला, म्हणून मी शाळा सोडली. त्याच वर्षी आम्ही सगळे काकांकडे अमेरिकेत आलो आणि शाळा राहिली ती राहिलीच.

पण हा कॅम्प मला सोडायचा नव्हता. मिलिंददादांनी नियम केला होता की ज्याची आठवड्यात एकही हजेरी लागणार नाही, त्याचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत नाही. नियम उशिरा उठणाऱ्यांसाठी होता. पण मावशी पडल्या गणिताच्या, त्यांच्याकडे अपवाद नसायचा. आणि मला नावाने हाक मारणारी एवढी माणसं या देशात पहिल्यांदाच एका जागी भेटली होती.

मी रोज पहाटे उठून पाण्याच्या कॅनजवळ "हजर"ची प्रॅक्टिस करायचो. रोज खाडा.

*

तो बुटांचा किस्सा असा. तिथे काही लोक कपडे घालत नाहीत. दुसऱ्या दिवशी असाच एक उंच, दाढीवाला माणूस आमच्या स्टुलावर येऊन बसला. अंगावर फक्त बूट. आम्ही सगळे आभाळाकडे बघायला लागलो. मिलिंददादांना तर अचानक तंबूची दोरी घट्ट करायची आठवण झाली. आता आई काय म्हणते!

मावशी घमेलं घेऊन पुढे आल्या, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "बूट तेवढे काढ बाबा."

*

मावशी सगळ्यांशी मराठीतच बोलायच्या आणि सगळ्यांना कळायचं. गोरी माणसं मजेत पाय पुढे करायची. पळून जायची ती फक्त आपली मुलं! ॲन आर्बरहून आलेला एक पीएचडीवाला मराठी मुलगा पाय धुवायला बसला आणि समोर आईच्या वयाच्या बाई बघून ताडकन उठला.

"काकू, नको! मला पाप लागेल!"

"ते माझ्या नावावर घाल. बस."

तो डोळे मिटून बसला. पाय धुऊन झाल्यावर वाकून मावशींच्या पाया पडला. मावशींनी आशीर्वाद दिला आणि विचारलं, "थीसिस कधी संपणार?"

तो पुन्हा आला नाही.

*

शेजारच्या कॅम्पात अर्ल नावाचे सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांनी पहिल्याच सकाळी एका निळ्या थाळीतून पॅनकेक पाठवले. आता थाळी रिकामी कशी परत करायची? मावशींनी त्यात बेसनाचे लाडू घालून पाठवले. अर्लना वाटलं, इथली रीत दिसते. त्यांनी थाळीत द्राक्षं पाठवली. मावशींनी चिवडा. त्यांनी चीज. मावशींनी गुळपोळ्या.

ने-आण माझ्याकडे. तिसऱ्या दिवशी अर्ल स्वतः ती थाळी दोन्ही हातांत धरून आले. दमलेले दिसत होते. म्हणाले, "मॅडम, प्लीज. ही थाळी तुम्ही ठेवून घ्या."

मावशींना फार आनंद झाला. "एवढी चांगली थाळी दिली त्यांनी," त्या मला म्हणाल्या. "जा, त्यांना आपला डबा देऊन ये. आणि रिकामा नेऊ नकोस!"

*

कॅम्पच्या तोंडाशी उभं राहून लोकांना हाका मारायची पाळी सगळ्यांना होती. माझी दोन तासांची. मी स्टूल मांडलं, त्यावर बसलो, घमेलं पुढे ठेवलं आणि तोंड उघडलं. काही आलं नाही.

अर्ध्या तासाने फुलपाखराचे पंख लावलेली एक बाई थांबली. तिने आमची 'पाय धुवा'ची इंग्रजी पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं, रिकामं घमेलं पाहिलं. मग खाली बसली, घमेल्यात कॅनमधलं पाणी ओतलं, माझ्या चपला काढल्या आणि माझेच पाय धुवायला लागली! 'नको' म्हणायला आवाज हवा ना. तिच्यामागे एक जण उभा राहिला. त्याच्यामागे आणखी दोघं.

दोन तासांत नऊ जणांनी माझे पाय धुतले. मिलिंददादा पाळी बदलायला आले तेव्हा रांग लागलेली होती. "अरे वा! जमलं की तुला!" ते म्हणाले.

*

शेवटचा दिवस. माझे सहा खाडे झालेले. त्या सकाळी सगळे मोठं शिल्प बघायला लवकर निघून गेले, म्हणून मावशींनी हजेरी दुपारवर ढकलली. दुपारी कॅम्पवर आम्ही दोघंच. मी ट्रक भरत होतो. मावशी हजेरीपुस्तक काखोटीला मारून बाथरूमच्या रांगेकडे गेल्या. पुस्तक त्या कुठेच सोडून जात नसत.

आणि वादळ आलं. पाच मिनिटांत सगळं पांढरं. समोरचा ट्रक दिसेना. मी तंबूची दोरी धरून उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने दुरून मावशींचा आवाज आला. त्या हजेरी घेत होत्या!

"मिलिंद!" कुणी नाही. "रिया!" कुणी नाही. एकेक नाव घेत होत्या आणि प्रत्येक नावानंतर उत्तरासाठी थांबत होत्या. मग माझं नाव आलं. मी "हजर" म्हटलं. मलाच ऐकू आलं नाही.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आवाज आता आणखी लांबून येत होता. त्या उलट्या दिशेला, उघड्या वाळवंटाकडे चालल्या होत्या.

"नितीन!"

"हजर!"

कुठून आला तो आवाज, देव जाणे. तिकडे सगळं थांबलं. "नितीन?"

"हजर! हजर! हजर!"

मी थांबलोच नाही. किती वेळ ओरडत होतो, सांगता येणार नाही. शेवटी धुळीतून आधी मावशींचा चष्मा दिसला, मग मावशी. त्यांचा पदर धरून सशाचे कान लावलेला एक माणूस. त्याचा हात धरून अर्ल. त्यांच्यामागे सायकल ढकलणाऱ्या दोन मुली, मग आणखी कोण कोण. शाळेची सहल निघावी तशी वाट चुकलेली चौदा माणसं मावशींच्या मागे एकमेकांना धरून ओळीने आली. सगळी पिठात बुडवून काढल्यासारखी.

मावशी खुर्चीवर बसल्या. पाणी प्यायल्या. चष्मा पुसला. मग पुस्तक उघडलं.

"आजची हजेरी राहिली आहे. नितीन!"

मी तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. हवाच. मावशींनी पेन खाड्याच्या जागी नेलं.

"हजर!" मागून चौदा जण एकदम ओरडले.

मावशींनी हळूच मान वर केली. एकेकाकडे चष्म्यावरून पाहिलं.

"प्रॉक्सी चालणार नाही," त्या म्हणाल्या, आणि खाली बघून माझ्या नावापुढे सावकाश, अक्षर लावून लिहिलं, 'हजर'.