डिक्लेरेशनवरची सही

कारखान्यांतल्या पाइपांचे वेल्डिंगचे सांधे किरणांनी तपासून देणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी बारा वर्षं टायपिस्ट होते. नव्वदनंतर हैदराबादभोवती नवनवे कारखाने उभे राहायला लागले आणि आमचं काम एकदम वाढलं. तपासणीच्या यंत्रात किरण सोडणारं इरिडियम असतं. काही महिन्यांत ते मंदावतं, मग नवं भरून आणायला यंत्र जड पेटीत बंद करून विमानानं मुंबईला पाठवायचं. पेटीच्या समोरासमोरच्या बाजूंवर पिवळी लेबलं, सोबत लाल तिरप्या पट्ट्यांची किनार असलेलं, धोकादायक मालाचं डिक्लेरेशन. ते मी टाइप करायची, सही साहेब करायचे.

पुढे विमान कंपनीनं कळवलं, यापुढे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचीच सही चालेल. प्रशिक्षण मुंबईला होतं; मी मनात तिकडे न्यायच्या साड्याही काढून ठेवल्या होत्या. साहेबांनी पाठवलं ते नव्या मुलीला. ती चिक्कडपल्लीची, तेलुगू, इंग्रजी फाडफाड. मी नारायणगुड्यातल्या मराठी शाळेतली. हा फॉर्म कुठून वाचायचा, हे तिला मीच शिकवलं होतं.

ती पास होऊन आली. आता टायपिंग माझं, लेबलं आणि सही तिची. घरी मी इतकी धुसफुसायची की नवरा म्हणाला, "अगं, तिनं तुझं काय घेतलंय?"

एका सकाळी पेटी निघायची होती. एक मीटरवरून मोजलेला किरणांचा आकडा फॉर्मवर आणि दोन्ही लेबलांवर एकच लागतो. मी पेटीभोवती फिरून पाहिलं. फॉर्मवर ०.६, पुढच्या लेबलावर ०.६, मागच्यावर ०.९. घाईत तिनं सहाचा नऊ केला होता.

"अक्का, सब देख लिए ना?" तिनं विचारलं. आमचं बोलणं दखनीतच चालायचं.

"तू दस्तखत करी ना? फिर बस," मी म्हणाले.

दुपारी पेटी विमानतळावरून परत आली. दुरुस्ती जिची सही तिनंच करायची, आणि ती तर ऑफिसात. विमान गेलं, एका कारखान्याचं काम खोळंबलं. सगळ्यांसमोर साहेब तिच्यावर ओरडले, "दो लेबलां लिखने के थे, उत्ता भी नै हुआ?"

"गलती मेरी है, सर," ती म्हणाली. एवढंच.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? संध्याकाळी घराजवळ, नल्लकुंट्याला बसमधून उतरेपर्यंत बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना सांगितलं, कागद दोघींनी तपासायला हवेत, अक्कालाही कोर्सला पाठवा. साहेब तयार झाले. मी मात्र जळून गेले. जे मला हक्कानं मिळायला हवं होतं, ते हिच्या शब्दावर मिळत होतं. हिचा चांगुलपणासुद्धा माझ्यापेक्षा वरचढ!

मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी राहवलं नाही. डबा खाताना म्हणाले, "वो नौ मैं देखी थी."

तिनं चिंचेच्या भाताचा घास खाली ठेवला. "मालूम है अक्का. तुम उस पे उंगली फिराये थे, बाद में याद आया."

"फिर साब को बोली क्यों नै?"

"दस्तखत मेरी थी ना," ती म्हणाली, आणि जेवायला लागली. रोज डब्यातलं मला वाढायची, त्या दिवशी मात्र सगळं एकटीनंच संपवलं.

मुंबईत मी पास झाले. शेवटच्या दिवशी शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, "हैदराबादच्या ना तुम्ही? तिकडून मागे एक मुलगी आली होती. फार हुशार."

"माझ्याच ऑफिसात आहे," मी म्हणाले.

सरांचं ते 'फार हुशार' परत आल्यावर तिला सांगायला मला पंधरा दिवस लागले.