तीस हजारांचं पीठ

तीस हजारांची फौज जागच्या जागी थिजवायला काब्रमायला तोफ लागत नसे. खापरावर मांडा टाकता टाकता, मानसुद्धा वर न करता ती एक प्रश्न विचारी, आणि माझे हत्ती, घोडे, नगारे, निशाणं सगळं होतं तिथे उभं राही. मी तिच्यावर जेवढा जळलो तेवढा जन्मात कोणावर जळलो नाही. माझ्यापेक्षा देखण्या माणसांवर जळलो नाही, श्रीमंतांवर नाही. जळलो तो एका मांडे करणाऱ्या विधवा बाईवर, जिला धड एक गोष्ट सांगता येत नव्हती.

"का बरं" याला आमच्या अहिराणीत "काब्र" म्हणतात. तिचं तोंड त्या शब्दानं उघडे, म्हणून ती काब्रमाय.

मी तेव्हा ऐन पंचविशीत होतो आणि म्हसावदला एका मारवाडी शेटजींच्या कापडदुकानात गजावर होतो, म्हणजे गिऱ्हाइकाला कापड मोजून देत होतो. पण तो लोखंडी गज हातात आला की माझ्यात काहीतरी शिरे. गज ही तलवार. मांजरपाटाचे तागे एकावर एक रचले की किल्ल्याचा तट. लाल खारव्याचं ठाण ओट्यावरून भिरकावून उलगडलं की रक्ताचा पाट, आणि पुढे बसलेल्या बायका पाय आखडून घेत. माझ्या लढाया कुठल्या बखरीत सापडणार नाहीत. मीच रचल्या, मीच लढलो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे आठ दिवस, लेकी माहेरी येऊ लागल्या की आमचा ओटा संध्याकाळी भरून जाई. "हाऊ पोऱ्या कापड कमी अन् लढाया जास्ती इकस," असं शेटजी म्हणत, पण हसून म्हणत.

काब्रमायची चूल रस्त्यापलीकडे, आमच्या ओट्यासमोरच, निंबाखाली. आखाजीला गावातली निम्मी घरं तिच्याकडून मांडे करून घेत. कोपरापर्यंत चटक्यांचे डाग असलेले दोन काटकुळे हात. त्या हातांवर ती पुरणाचा गोळा असा ताणी की मांड्यातून पलीकडचा माणूस दिसावा. नव्या सुनांना ती एकच गोष्ट शिकवी. "पुरन कोरलोंग जावाले पाह्यजे. मधमा सगळास्नंच गोड ऱ्हास." कडेपर्यंत पुरण गेलं नाही तर तो मांडा ती स्वतःच्या ताटात घेई, गिऱ्हाइकाला देत नसे.

पहिला वार झाला तो दिवस मला लख्ख आठवतो. माझा किल्लेदार एकटा बुरुजावर, खाली तीस हजार शत्रू. मी ताग्यांच्या तटावर चढलो, गज उगारला, श्वास धरला. ओट्यानंही श्वास धरला. आणि पलीकडून आवाज आला :

"काब्र भाऊ, रीस नको मानू, मी अडानी बाई शे. पन त्या तीस हजार मानसेसनं पीठ कोन दये?"

"माय, आठे लढाई चालू शे!" मी वरूनच म्हणालो.

"लढाई शे म्हनीसन ते भूक जास्ती लागी ना, भो."

कोणीतरी फिसकन हसलं. मग एक माहेरवाशीण म्हणाली, दळणाचं काय विचारता, माझ्या सासरी आठ माणसं, तर पहाटेपासून कावळे ओरडेपर्यंत जातं सुटत नाही. दुसरी म्हणाली, आमच्याकडे बारा. तिसरीनं आठ आणि बारावरून तीस हजारांचा अंदाज काढायला घेतला. बघता बघता अख्खा ओटा मनातल्या मनात दळायला बसला. जाती किती, त्यांना टाकी कोण लावणार, कोंडा कुठे टाकणार! दिवे लागले, मंडळी बोलत बोलत उठली. माझा किल्लेदार तलवार उपसून बुरुजावर उभा तो उभाच.

मी हार मानणारा नव्हतो. दुसऱ्या वर्षी माझ्या सैनिकांनी पिठाला हातच लावला नाही. ते कमरेला चणे बांधून निघाले. "काब्र, चना भुजाले भट्टी कोठे लावी?" मग मी लढाई समुद्रावर नेली. म्हसावदच्या माणसानं समुद्र कशाला पाहिलेला असणार! निळ्या लुगड्यांच्या लाटा काढल्या, गलबतं हाकारली. "चारीमेर खारं पानी, मंग पेयेत काय?" आणि एकदा तर मी एवढी धूळ उडवली की दोन्ही फौजा दिसेनात. ती म्हणाली, "मंग आपला कोन अन् परका कोन, कशा वळखेत?" यावर ओट्यावरचे दोन म्हातारे इतके भांडले की शेटजींनी मध्ये पडून सोडवले. राजाला काय वाटलं, राणी काय म्हणाली, हे तिनं कधी विचारलं नाही. तिचं सगळं लक्ष तलवारीला धार लावणारा, घोड्याला खरारा करणारा, भिजलेला फेटा वाळत घालणारा, यांच्यावर.

तीन वर्षांत माझी एकही लढाई शेवटाला गेली नाही. गोष्ट सांगणाऱ्याला याहून मोठं दुःख नसतं. मला काही नको होतं, फक्त एकदा, एकदाच, किल्लेदार बुरुजावरून उतरायला हवा होता.

आणि तिचं कौतुक काय वाढावं! शेटाणीबाई रोज ताकाचा लोटा रस्ता ओलांडून तिला पाठवत. मी घसा फोडून बोलत असे, मला माठाचं पाणी. लोक ओट्याशी येऊन आधी पलीकडे बघत आणि विचारत, "आज काब्रमाय शे ना?" नसली तर पुढे जात. तिचे प्रश्न शहाद्याच्या बाजारापर्यंत गेले. माझी एकही लढाई गावाची वेस ओलांडू शकली नाही. शेवटी शेटजी म्हणाले, बाईला ऊन लागतं, चुलीवर कापडाचा मांडव घाला. कापड दुकानातलं. मांडव बांधला मी.

त्या मांडवाची शेवटची गाठ मारताना मी ठरवलं की आता हिला उत्तरच द्यायचं.

तळोद्याला एक पेन्शनीत निघालेले शिपाई राहत. पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे जाऊन आलेले. दुकानाच्या मालाच्या गाडीतून मी त्यांच्याकडे गेलो आणि ओसरीवर बसून विचारलं, "बाबा, फौजेचं पीठ कोन दये?"

ते आधी हसले. मग हसू गेलं. जुन्या काळाचं त्यांनी वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं: फौजेमागे दुसरी फौज चाले, बुणग्यांची. वंजाऱ्यांचे बैल धान्य वाहत आणि बायका जाती घेऊन येत. मुक्काम पडला की तंबूच्या मेखांआधी जात्यांची घरघर सुरू. मग स्वतःचा तळहात माझ्यापुढे धरला. "आम्हले तथा कोंडी टाकं व्हतं. घोडासना दाना आम्हीच आम्हना हातखाल दया. बंदूकना घट्टा गया, जातानी खुटीना अजून शे." आणि म्हणाले, "इतला वरीसमा हाई कोनी इचारं नही. कोना प्रश्न शे?"

"मन्हा," मी म्हणालो.

त्यांनी माझी पाठ थोपटली. खोटं सांगत नाही, परतीच्या वाटेवर मला जराही लाज वाटली नाही. पाठ गोड लागत होती.

आखाजीची संध्याकाळ. ओटा गच्च. मी पुन्हा त्याच किल्लेदाराला बुरुजावर चढवलं, खाली तेच तीस हजार. आणि तिनं तोंड उघडायच्या आत मीच गर्जलो, "अन् या तीस हजारांचं पीठ कोन दये? ऐका!" मलमलीचं पांढरं ठाण मी हवेत उडवलं, ते पिठासारखं भुरभुरत खाली आलं. बैल आले, बुणगे आले, जाती फिरली, त्या तळहाताचा घट्टासुद्धा मी माझ्या हातावर दाखवला. बायकांचे डोळे भरले. म्हातारे माना डोलावू लागले. तीन वर्षांचा जीव भांड्यात पडावा तसा ओट्यावर एकच उसासा झाला: "आसं!"

आणि मंडळी उठली.

"चला वं माय, पीठ दयाई गयं आते," एक जण म्हणाली, आणि पदर सावरत, गप्पा मारत, सगळ्या निघून गेल्या. शेटजींनी दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्या. मी तटावर, गज हवेत. उत्तर मी असं फक्कड दिलं होतं की लढाईची कोणाला गरजच उरली नव्हती!

तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"मंग?"

"मंग काय?" मी खेकसलो.

"मंग कोन जिंकनं?"

माझा तोल गेला. "आते तुले कसाले पाह्यजे? तीन वरीस तू मन्ही लढाई पाडी!"

खापराखालची लाकडं मागे ओढत ती म्हणाली, "पाडाले नही इचारत, भाऊ. माले पीठ दिसनं नही ते मानूस बी दिसत नही. आज सगळा दिसनात. आते त्या बुरूजवरलाले खाले उतार. तीन वरीसफाईन उभा शे बिचारा, पाय दुखी ऱ्हायना व्हईन त्याना."

मी गज दुकानात ठेवला आणि रस्ता ओलांडून तिच्या चुलीशी बसलो. त्या किल्लेदाराला मी नेहमी जिंकवणार होतो. पण तिच्यासमोर, हळू आवाजात सांगताना ते जमेना; त्याच्याकडे चार दिवसांचंच पीठ होतं, हे मला आता दिसत होतं. तो हरला. ती मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी तिनं कोर कोरडी राहिलेला एक मांडा माझ्या हातावर ठेवला, जो ती दुसऱ्या कोणाला देत नसे. तळोद्याला मी तिचा प्रश्न माझा म्हणून सांगितला होता, ते तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मांडा खाल्ला आणि उठलो.

पुढच्या वर्षी गावात पिठाची गिरणी आली. काब्रमाय ती पाहायला गेली आणि इंजिनवाल्याला म्हणाली, "हाई लढाईमा न्हेता येई का?" त्याला हसू आवरेना. त्याच थंडीत ती तापानं गेली. आखाजी आली तसा मी तिच्या चुलीच्या जागेवर मांडव बांधून मोकळा झालो. चौथी गाठ मारल्यावर ध्यानात आलं की आता ती नाही. शेटजींनी पाहिलं, पण सोडायला सांगितलं नाही.

त्यानंतर माझ्या लढाया बिनबोभाट शेवटाला जाऊ लागल्या. लोक ऐकत, वाहवा करत. मला मेलं काही गोड लागेना. मग मीच प्रश्न काढायला लागलो. सोपं नसतं ते. कित्येक वर्षांत एक बरा जमला, अगदी माझा, कोणाचा न चोरलेला. कोरीटच्या एका लग्नात, मांडवात गोष्ट ऐन रंगात असताना मी थांबलो आणि टाकला : "हारेल फौजना वाजंत्री घर जातांना वाजाडेत का नही?"

मी छाती फुगवली. आणि पुढे बसलेली एक लेकुरवाळी म्हणाली, "हाऊ ते काब्रमायना प्रश्न शे. मन्ही माय म्हसावदनी शे, ती सांगे."

माझ्या अंगाचा भडका उडाला. मेल्यावरसुद्धा! सांगणार होतो की बाई, हा माझा, माझा एकट्याचा. तोंड उघडलं, आणि तळोद्याची ती ओसरी आठवली.

"हां, तिनाच शे," मी म्हणालो.

ती बाई मांडीवरचं पोर सावरून पुढे सरकली.

"मंग?" ती म्हणाली. "वाजाडं का नही?"