कोरा ड्रेस

अनसिंगच्या बसस्टँडमागे जगदेवचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, कापड कापायची लाकडी फळी आणि वर टिनाचं छप्पर. बावीस वर्षं माझे सगळे ब्लाऊज त्यानंच शिवले.

माप घ्यायची त्याची एक रीत होती. बायामाणसांना तो टेप लावत नसे. त्याची बायको मनकर्णाबाई माप घ्यायची आणि तो पाठ फिरवून वहीत लिहायचा. पण टेप लागायच्या आधी तो पाठमोराच ओरडायचा, "पह्यले हात वर करा! डोक्यावर गुंड घेता ना पाण्याचा, तसे."

कोणी हसलं की म्हणायचा, "माणूस फोटोतच तेवढा सरळ उभा राह्यते, वहिनी. बाकी दिवसभर वाकते, बसते, हात उचलते. कपडा त्याच्यासाठी शिवा लागते." काखेत तो एक लहानसा चौकोनी तुकडा जोडायचा, बाहेरून दिसत नसे. त्याच्या हातचं काही काखेत उसवलं, असं मी ऐकलं नाही. तोंडानं मात्र तिखट. एकदा एक बाई भांडायला आली, ब्लाऊज आवळ झाला म्हणून. हा म्हणतो, "ब्लाऊज आवळ नाही झाला बाई. मधात लग्नसराई झाली."

त्याची एकुलती एक लेक राखी. वाशीमच्या कॉलेजात बी. ए. दुसऱ्या वर्षाला, रोज जीपनं जायची. नाचायची फार छान. गणपतीत नाचली की जगदेव गर्दीत मागे उभा राहून तिचे पाय नाही, कपडा पाहायचा, कुठे ओढतो का म्हणून.

श्रावणात कॉलेजच्या ग्रुपवर सूचना आली. युवा महोत्सवासाठी गाण्यानाचाचं नाटक बसवणार होते आणि त्यासाठी नाचाची ऑडिशन होती. मी तेव्हा साडीला फॉल लावून घ्यायला दुकानातच बसले होते. राखीनं मोबाईलवरून वाचून दाखवलं: ढगळ कपडे नको, ओढणी नको, दागिने आणि घुंगरू नको. गुडघा, मनगट आणि पाऊल हलताना दिसलं पाहिजे. मागचा पडदा काळा आहे म्हणून काळा रंग टाळावा.

जगदेवनं मशीन थांबवली. "हे ज्यानं लिहिलं, त्याले शिवणकाम येते," तो म्हणाला.

मग रंगावरून दुपार गेली. मनकर्णाबाई म्हणाली मोरपंखी. राखीला पांढरा हवा होता. मी म्हटलं कुंकवासारखा लाल घे, देवीचा रंग आहे. जगदेवनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वाशीमहून झेंडूसारखं पिवळं कापड आणलं. गुडघ्यापर्यंत कुर्ता, पायाशी निमुळती सलवार. शिवता शिवता तो तिला दुकानासमोर नाचायला लावायचा.

"गुडघा वर घे. हं, आता फिर. ओढून राह्यलं का?"

"नाही बाबा."

"खोटं नको बोलू. तोंड वाकडं केलं तू." आणि पुन्हा उसवून शिवायचा. तीनदा उसवलं त्यानं.

एका रविवारी दुपारी सलवारीच्या एका पायाची तुरपाई झाली होती. दुसऱ्या पायाला कच्चा टाका घातला होता, पांढऱ्या दोऱ्याचा. तेवढ्यात छातीत कळ आली. जीप वाशीमला पोचेपर्यंत जगदेव गेला. एकोणपन्नास वर्षांचा होता.

ऑडिशन बरोबर अकराव्या दिवशी येत होती. राखी म्हणाली, मी जात नाही. मनकर्णाबाई म्हणाली, जायचंच. जगदेवचा धाकटा भाऊ हरीओम ओसरीवर उभा राहून ओरडला, "बाप जाऊन पंधरा दिस नाही झाले, अन् पोट्टी नाचाले जाईन? लोकं तोंडात शेण घालतीन आपल्या!"

"नाचासाठीच शिवलं ना त्याईनं?" मनकर्णाबाई म्हणाली. "पेटीत ठेवाले थोडीच शिवलं!"

शेवटी प्रश्न माझ्याकडे आला. मी रोज पोथी वाचते, तिथी-वार सांगते, म्हणून आमच्या गल्लीत सुतक-पातकाचं काही असलं की मलाच विचारतात. मनकर्णाबाई पदर सावरून माझ्यासमोर बसली. "वहिनी, तुमी सांगा. तुमी म्हणसान तसं."

मी फार विचार केला नाही. म्हटलं, "हे परीक्षेसारखंच आहे. परीक्षेले सुतक आड येत नाही, पोरीले जाऊ द्या. पण तेरवीच्या आत कोरं कापड अंगाले लागू नये. जुन्यातलं घालू द्या."

हरीओमनंही ते मानलं. मनकर्णाबाईनं मान हलवली. मधला मार्ग काढला असं मलाही वाटलं. राखी कोपऱ्यात बसली होती. तिनं खुंटीवरच्या पिवळ्या कुर्त्याला एकदा हात लावला.

जुन्यातलं काय घालायचं, हे पाहायला पेटी उघडली. बापानं शिवलेले रोजचे ड्रेस ढगळ, लांब. एक नीट बसणारा होता तो काळा. सूचनेत बसेल असा एकच निघाला, तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीला हरीओमनं बाजारातून आणलेला फिकट निळा. पेटीत बापाच्या हातचा नसलेला तेवढा एकच होता. अंगात शिरला, थोडा आवळ होता. मनकर्णाबाई म्हणाली, "चालते. दहा मिन्टाचं तर काम आहे."

हात वर कर, असं म्हणायला घरात कोणी नव्हतं. मला सुचायला हवं होतं. मी देवापाशी दिवा लावून बसले होते.

ऑडिशनहून चार वाजता राखी आली आणि तोंड न धुता झोपली. पुढचं मला तिच्या मैत्रिणीनं, पल्लवीनं सांगितलं. "काकू, सुरुवात येवढी मस्त केली तिनं, सगळे पाहूनच राह्यले होते. मग दोन्ही हात वर नेले, अन् टर्रकन आवाज आला. काखेपासून कमरेपर्यंत उसवला. ती हात अंगाले चिपकवून तशीच उभी राह्यली. सर म्हणले, शॉल घे अन् पुन्हा कर. तिनं नाहीच केलं. मागून एक पोट्टी म्हणे, हिचा बाप टेलर होता ना व?"

यादी लागली. राखीचं नाव नव्हतं. पल्लवीचं होतं.

तेरवी झाली, पितृपक्ष आला. सासऱ्यांची तिथी पाहायला मी जुन्या वह्या काढल्या. रोजचं लिहायची सवय मला लग्नापासून. ते वारले त्या वर्षीच्या वहीत, सुतकातल्या सहाव्या दिवसाखाली, माझ्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं: "गोविंदाचा दहावीचा पेपर. शाळेचा जुना ड्रेस फाटला, नवा घालणे भाग. सासूबाई म्हणाल्या, कोरं कापड पाण्यातून पिळून काढ, मग ते कोरं राहत नाही. तसे केले. देवाच्या कृपेने पेपर बरा गेला."

मीच पिळला होता तो ड्रेस, मीच तारेवर वाळत घातला होता. माझ्या मुलाच्या वेळी मला वाट सापडली. दुसऱ्याच्या लेकीच्या वेळी नियम तेवढा आठवला.

वही तशीच हातात घेऊन मी त्यांच्याकडे गेले. मनकर्णाबाई जगदेवच्या मशीनवर कोणाचा तरी परकर शिवत होती. मी सगळं वाचून दाखवलं. तिचा पाय पायट्यावर थांबला.

"एक बादली पाणी," ती म्हणाली. "येवढंच लागत होतं म्हना."

मी हात जोडायला गेले तर तिनं माझा हात खाली केला. "बसा वहिनी. चहा ठेवतो." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

राखी आतून तो पिवळा ड्रेस घेऊन आली. न्हाणीतल्या बादलीत बुडवला, पिळला आणि दोन्ही हात उंच करून अंगणातल्या तारेवर टाकला. वाऱ्यानं सलवार हलली तेव्हा एका पायाचा पांढरा कच्चा टाका दिसला.

"दे मले," मी म्हटलं. "तुरपाई करून देतो."

"राहू द्या काकू. बाबाचा टाका आहे."

नाटक अमरावतीला होऊन आलं. मागच्या सोमवारी मी ब्लाऊज शिवायला टाकला. आता माप राखी घेते आणि मनकर्णाबाई शिवते. माझ्यासमोर उभी राहून राखी म्हणाली, "काकू, पह्यले हात वर करा."

मी केले. खांदा दुखतो हल्ली, पण केले. तसंच विचारलं, "पुढच्या वर्षी जाशील का व?"

"पाहू," ती म्हणाली. टेप माझ्या दंडाला होती. तिनं वर पाहिलं नाही.