कोपऱ्यातला ग

आमच्या घरात देव्हाऱ्याच्या जागी पत्रकांचे गठ्ठे असायचे. बेंगळुरूच्या चामराजपेटमध्ये बाबांचा छोटा छापखाना होता. बुवाबाजीविरुद्ध, कामगारांच्या हक्कांसाठी ते कानडीत-मराठीत पत्रकं छापत आणि मी ती वाटत असे. त्यामुळे या ग्रुपवरचे गूढ अनुभव वाचून मी कायम एकच विचारत आलेय — पुरावा कुठाय? आज तुम्ही तो मला विचारा. माझी हरकत नाही.

मी बेंगळुरूतल्याच एका प्रयोगशाळेत काम करते. चिपचा आराखडा फाइलमध्ये येतो, पण मास्क बनवणाऱ्या मशीनला ती फाइल जशीच्या तशी कळत नाही. मी तिचं मशीनच्या भाषेत रूपांतर करून पाठवते. मग मशीन क्रोमचा थर दिलेल्या काचेवर तो आराखडा उमटवतं. ती काच म्हणजे मास्क... चिपचा ठसाच म्हणा. आणि ठसा उलटा हवा, तरच छाप सुलटी येते. म्हणून प्रत्येक फाइल पाठवण्याआधी आरशातल्यासारखी उलटवायची, हा आमचा शिरस्ता.

मशीन चालवते सुधाक्का. बनशंकरी भागातली, आमच्यासारखीच पिढ्यान्‌पिढ्या इथली मराठी. इतकी वर्षं मशीन तिच्या हातावर चाललंय आणि बाई अजून कंत्राटावर! तेही कंत्राट या महिन्यात संपत होतं. आमचे प्रमुख राघवेंद्र सर ते वाढवायला टाळाटाळ करत होते.

तर... होसकोट्याच्या एका नव्या कंपनीची फाइल आली. हृदयाचे ठोके टिपणाऱ्या सेन्सरची. मी उलटवली, रूपांतर केलं, पाठवली. मशीनवर पोचलेली फाइल माझ्या फाइलशी तंतोतंत जुळली. दुपारी सुधाक्काने तयार काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि हाक मारली. ती मला पुट्टी म्हणते, कानडीत छोटी.

"पुट्टी, स्वल्प इकडे ये गं. हे तू घातलंस काय?"

कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेत एक अक्षर होतं. देवनागरी ग.

"मी कशाला घालू, अक्का?"

"मग मी घातलं होय? मला फाइल उघडायचा पासवर्ड तरी देतात काय हे लोक?"

खरं सांगते, मला तिचा संशय आला. तिला माझा.

तेवढ्यात सर आले. त्यांनीही वाकून पाहिलं. "ग? गणपतीचा काय? मशीनची पूजा झाली आणि प्रसाद नाही मिळाला मला!" मग आवाज उतरला. "लॅबमध्ये मराठी दोघीच. मशीनवर अक्का होती. असं असेल तर कंत्राट कसं वाढवू मी?"

माझं डोकं फिरलं. "सर, पुरावा?"

"डोळ्यांनी दिसतंय, अजून काय पुरावा?"

मी माझी आणि मशीनवरची, दोन्ही फाइली उघडून दाखवल्या. कोपरा कोरा. शिवाय आमच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. पण सरांचं एकच — मशीनवर कोण होतं? सुधाक्का हातमोजे काढून टेबलावर ठेवायला लागली.

तिची बाजू मांडायला काही सापडतंय का, म्हणून मी पुन्हा वाकले. आणि दिसलं, की त्या ‘ग’च्या शिरोरेघेचं डावं टोक तुटकं होतं.

हा ग मी ओळखत होते. बाबा नवं पान जुळवलं की एका कोपऱ्यात तुटक्या शिरोरेघेचा ग लावत. "गमभनातला पहिला. हा सरळ वाचता आला की समज, प्रूफ बरोबर." बाबा जाऊन दोन वर्षं झाली. छापखान्याचे खिळे, ती शिशाची सुटी अक्षरं, त्याआधीच भंगारात गेले.

मग लक्षात आलं ते याहून वाईट होतं. मला तो ग सरळ वाचता येत होता... आणि मी बघत होते प्रूफ नव्हे, ठसा. क्रोमची बाजू. खिळा सरळ वाचता आला म्हणजे छपाई उलटी येणार!

मी होसकोट्याला फोन लावला. पलीकडचा इंजिनिअर खुशीत म्हणाला, "तुमचा त्रास वाचावा म्हणून आम्हीच उलटवून पाठवली की मॅडम!"

त्यांनी उलटवली, शिरस्त्याप्रमाणे मीही उलटवली. दोनदा उलटं म्हणजे सुलटं. आराखड्यात एकही अक्षर नव्हतं, कुणाला कळलंच नसतं. चिपा बनल्या असत्या, सगळ्या फुकट.

हे ऐकून सरांनी पुन्हा वाकून काच पाहिली. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. अक्का, नवी काच लावा." दुसऱ्या दिवशी त्यांनी कंत्राटावर सही केली. मात्र अजूनही जाता-येता विचारतात, "खरं सांगा, दोघींपैकी कोण?" आणि सुधाक्काला वाटतं, तिची नोकरी वाचावी म्हणून मीच काहीतरी केलं. मी नाही केलं. तिने केलं म्हणावं, तर बाबांची ती तुटकी रेघ तिला कुठून ठाऊक?

सुधारलेल्या फाइलची नवी काच मी स्वतः तपासली. कोपरा कोरा होता.

"गेलं बघ एकदाचं!" सुधाक्का म्हणाली.

मी मात्र तो कोरा कोपरा पुन्हा वाकून पाहिला. कारण प्रूफ बरोबर आलं की बाबा चिमट्याने तो ग उचलत आणि सदऱ्याच्या खिशात टाकत. छापायच्या पानावर तो कधीच राहू देत नसत.

चुकलेली काच माझ्या कपाटात आहे. स्पष्टीकरण नाही. बाबा असते तर असल्या गोष्टींविरुद्ध त्यांनी पत्रक काढलं असतं, आणि मी ते वाटलंही असतं.